पाटातला गुलाबी बर्फ

"थांब किम्यो! तोंडात घालू नकोस!"

मुअत्तर ओसरीवरून उडी मारून धावली. तिची आठ वर्षांची चुलत बहीण सफरचंदासारखं फळ देणाऱ्या बिहीच्या झाडाखाली पाटाच्या काठावर बसली होती. तिच्या हातात बर्फाचा तुकडा होता आणि जीभ बाहेर आली होती.

"सरबत गोठलंय, ओपा! बघ ना, गुलाबी आहे!" किम्यो तिला ओपा, म्हणजे ताई, म्हणायची.

"पाटातलं सरबत? त्यात गाढवं पाणी पितात, वेडे!"

मुअत्तरने तुकडा हिसकावून फेकून दिला. मग ती वाकून नीट बघू लागली. पाटात कडेकडेला बर्फ धरला होता, पण सगळीकडे तो मातकट होता. फक्त बिहीच्या झाडाखाली हातभर जागेत गुलाबी होता. वसंत येऊनही यंदा थंडी हटायला तयार नव्हती. जर्दाळूच्या कळ्या अजून मिटलेल्या होत्या आणि द्राक्षाचे वेल थंडीपासून वाचवायला घातलेल्या मातीच्या ढिगाखालीच होते.

"इकडे या लवकर!" किम्योचा भाऊ एल्योर झाडामागून ओरडला. तेरा वर्षांचा एल्योर शहरातून आला होता आणि आल्यापासून सगळ्यांना शहाणपण शिकवत होता. आता मात्र त्याचा आवाज चिरकला. "आणखी एक मेलाय!"

झाडाखाली एक चपटा दगड होता. दगडाशेजारी एक होला पंख पसरून पडला होता. काल सुट्टीचा पहिला दिवस, तेव्हाही एक होला याच जागी मेलेला सापडला होता.

"होल्याला कोणी मारत नाही," किम्यो रडवेली झाली. "पाप लागतं."

तिघंही ओसरीकडे गेली. बोबो, म्हणजे त्यांचे आजोबा, तिथे गादीवर बसले होते. समोरचा चहा गार झाला होता. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला बुवी, त्यांची आजी, वारली. तेव्हापासून बोबो असेच बसत. विचारलं तर उत्तर देत, आपणहून काही बोलत नसत.

"बोबो, अजून एक होला मेला!"

"थंडी आहे पोरांनो," बोबो म्हणाले. "थंडीनं मरतात पाखरं."

त्यांनी झाडाकडे मान वळवली नाही. त्या चपट्या दगडावर बुवी रोज सकाळी दाणे टाकायची. मुअत्तरच्या लक्षात आलं होतं की बोबो बागेत गेलेच तर बिहीच्या बाजूला जात नाहीत.

पण तिला त्यांचं उत्तर पटलं नाही. उपाशी पाखरू थंडीनं मरतं. या होल्याचा गळा तर टम्म फुगला होता. पोटभर खाऊन मेला होता तो!

"यात कुठंतरी पाणी मुरतंय," ती हळूच म्हणाली.

"मुरतंय काय, पाटच आहे तिथं!" एल्योर म्हणाला.

"तू गप रे!"

तेवढ्यात दिलमुरोद-अमाकी, म्हणजे दिलमुरोद काका, आला. हा बोबोंचा धाकटा मुलगा, याच घरात राहणारा. बियाण्यांच्या गोदामावर ट्रक चालवायचा. बोलायला गोड आणि कामाला घाईचा. होल्याची गोष्ट ऐकून त्याने भिंतीपलीकडे बोट दाखवलं.

"त्या तोलमासला विचारा! कबुतरं पाळतो ना? परवाच म्हणत होता, या होल्यांमुळे माझ्या कबुतरांना रोग लागेल. त्यानंच काहीतरी टाकलं असणार."

"तुमची नखं लाल का झालीत, अमाकी?" किम्योने विचारलं.

अमाकीने पटकन हात खिशात घातला. "बीट चिरलं होतं," म्हणाला आणि निघून गेला.

मुअत्तर त्याच्याकडे बघत राहिली. कालपासून घरात बीट शिजलं नव्हतं. पण तोलमासचं नाव ऐकून एल्योर इतका पेटला होता की ती गोष्ट तिच्या मनातून तेवढ्यापुरती निसटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं द्राक्षांच्या मातीच्या ढिगामागे लपली. थंडीने किम्योचे दात वाजत होते.

"दात बंद कर!" एल्योर कुजबुजला.

"ते आपोआप वाजतायत!"

"श्श! बघा!"

भिंतीवरून एक हात वर आला. आधी बाही दिसली, मग मूठ. मूठ उघडली आणि काहीतरी चपट्या दगडावर सांडलं. हात गायब झाला.

"पकडला!" एल्योर धावत सुटला. दगडावर बारीक पिवळे दाणे पडले होते. "विष लावलेले दाणे! मी सांगत होतो की नाही?"

"तू कुठं सांगत होतास? अमाकी सांगत होता," मुअत्तर म्हणाली. तिने दाणे रुमालात भरले. साधी बाजरी दिसत होती, ना वास ना रंग. "चला, त्यालाच विचारू."

"सरळ त्यालाच? अगं, गुप्तहेर असं करत नाहीत!"

"मग तू इथंच गुप्त राहा."

तुतीच्या झाडावरून ती भिंतीवर चढली. मागोमाग कुरकुरत एल्योर आला आणि त्याने किम्योला वर ओढलं. खाली खुराड्याजवळ तोलमास-अमाकी उकिडवा बसला होता. धिप्पाड माणूस, पण खांदे पडले होते. त्याच्या मांडीवर एक पांढरंशुभ्र कबुतर होतं. त्याची मान लुळी पडली होती.

एल्योरच्या तोंडातला आरोप तोंडातच राहिला.

"काल दुपारी ही तुमच्या बागेत उतरली होती," तोलमास-अमाकी मान वर न करता म्हणाला. "संध्याकाळी घुमेना. आज गेली. चार वर्षांची होती. आकाशात तिच्याइतक्या कोलांट्या मोहल्ल्यात दुसरं कोणी मारत नव्हतं."

"तुम्ही... तुम्ही आमच्या दगडावर काय टाकता?" मुअत्तरने भिंतीवरूनच विचारलं.

तो ओशाळला. एवढा मोठा माणूस, पण कान लाल झाले. "बघितलंत होय? बाजरी टाकतो. तुमची बुवी माझ्या वाट चुकलेल्या कबुतरांनाही दाणे घालायची. ती गेल्यावर होले रोज त्या दगडावर येऊन बसायचे आणि उपाशी जायचे. बघवेना. तुमच्या बोबोंना सांगायचा धीर झाला नाही."

"पण होल्यांमुळे रोग येतो असं तुम्हीच म्हणालात ना?" एल्योर म्हणाला.

"मी? कोण म्हणतं असं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अमाकी, तिचा गळा बघा ना," मुअत्तर म्हणाली. "होल्याचाही असाच फुगला होता."

तोलमास-अमाकीने कबुतराच्या गळ्याखाली बोटं फिरवली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने खिशातून चाकू काढला. किम्योने डोळे मिटून घेतले. क्षणभराने त्याच्या तळहातावर ओले दाणे होते.

"गहू! मी गहू घालतच नाही. आणि हा बघ, मोड आलेला आहे!" त्याने एक दाणा उजेडात धरला. दाण्याच्या चिरेत गुलाबी रेघ होती. "हात लावू नका कोणी. हे चांगलं नाही."

तो हात धुवायला नळाकडे गेला. मुअत्तर भिंतीवर बसून विचार करत होती. एवढ्या थंडीत उघड्यावर टाकलेल्या गव्हाला मोड येत नाहीत. मोड यायला ऊब लागते. मोहल्ल्यात ऊब देऊन गव्हाला मोड कोण आणतं, तेही मार्चमध्ये?



"सुमलक!" ती म्हणाली.

वसंतातल्या नवरोज सणाचं सुमलक दरवर्षी बोबोंच्या अंगणात व्हायचं. मोड आलेल्या गव्हाचं दूध काढायचं, मोठ्या कढईत घालायचं आणि दिवसरात्र ढवळायचं. मग वाडगा वाडगा घरोघर जायचा. म्हाताऱ्यांना, बाळंतिणींना, बोट चाटणाऱ्या तान्ह्या पोरांना! बुवी असताना सगळं तीच बघायची. यंदा तिच्या मैत्रिणीने, सगळ्यांच्या हनीफा-ओपाने, ते अंगावर घेतलं होतं. गव्हाला मोड आणायला ठेवला होता बोबोंच्याच कोठारात, आणि आज दुपारी दळायला बसायचं होतं.

कोठारात कोळशाची शेगडी पेटलेली होती. लाकडी फळ्यांवर ओल्या फडक्याखाली गहू पसरला होता. हनीफा-ओपा एकेक फळी तपासत होती.

"या या, उंदरांनो! बघा कसा गालिचा विणलाय!" तिने फडकं उचललं. पांढऱ्या मोडांची जाळी झाली होती. "गल्लीत यंदा कोणाचाच गहू फुटला नाही, एवढा गारठा. आपला मात्र बघा! तुमच्या दिलमुरोद-अमाकीने कुठून आणला देव जाणे. धुऊन, भिजवून आयता आणून दिला पोरानं."

"कुठं धुतला?"

"तिथंच, बिहीखाली पाटात."

"आणि खराब दाणे?"

"ते मी रोज निवडून पाखरांना टाकते. तुझी बुवी तेच करायची." तिने मूठ उघडून दाखवली.

मूठभर दाण्यांत न फुटलेले पाच-सहा होते. मुअत्तरने एक नखाने फोडला. चिरेत तीच गुलाबी रेघ!

"ओपा, हा गहू विषारी आहे! होले यानंच मेले. दळू नका!"

हनीफा-ओपाने छातीवर हात ठेवला. "तोबा! सुमलकच्या गव्हाबद्दल असं अभद्र बोलतात? चूल मांडली, वीस घरची माणसं बोलावली. आता मोडता घातला तर वर्षभर बरकत नाही. जा, नान खा आणि खेळा!"

मुअत्तर बोबोंकडे गेली. तिने एका दमात सगळं सांगितलं, गुलाबी बर्फ, लाल नखं, कबुतराचा गळा. बोबोंनी सगळं ऐकून घेतलं.

"दिलमुरोद काय म्हणतो?" एवढंच त्यांनी विचारलं.

दिलमुरोद-अमाकी हसला. जरा जास्तच हसला. "बाजारातला गहू आहे! पोरांना टीव्ही कमी दाखवा जरा."

"मग त्याचं पोतं कुठंय?" एल्योरने विचारलं.

"जाळलं."

"कशाला?"

"थंडी वाजत होती म्हणून! झालं समाधान, साहेब?"

तो गेल्यावर एल्योर दात-ओठ खात म्हणाला, "खोटं बोलतोय. होल्यांच्या रोगाचंही खोटंच बोलला."

"पोतं कोणी जाळत नाही," मुअत्तर म्हणाली. "थंडीच्या दिवसांत तर नाहीच. पोती कुठं जातात?"

तिघांनी बागेकडे पाहिलं. अंजिराला थंडी लागू नये म्हणून पोतं गुंडाळलेलं होतं. डाळिंबाला पोतं. बुवीच्या गुलाबाला पोतं. सगळी पोती जुनी, पावसाने काळी पडलेली. गुलाबाचं मात्र नवंकोरं होतं, आणि उलटं करून बांधलेलं!

एल्योरने दोरी सोडली. आतून पोत्याला गुलाबी भुकटी चिकटली होती. खाली लाल अक्षरं होती आणि कवटीचं चित्र. किम्योने अक्षर अक्षर लावून वाचलं, "पे-र-णी-चं बियाणं. औषध लावलेलं. खा-ऊ नये."

किम्योने जीभ बाहेर काढली आणि बाहीला खसाखसा पुसली.

"मी चाटला नव्हता ना, ओपा?"

"नाही गं. मी बघितलंय."

"पुरावा मिळाला!" एल्योर म्हणाला. "चला, दाखवू सगळ्यांना!"

"तो म्हणेल, हे गोदामातलं जुनं पोतं आहे, झाड झाकायला आणलं. मोठ्यांना आपल्यापेक्षा त्याचंच खरं वाटेल." मुअत्तर पोत्याची घडी घालत होती. "त्याच्याच तोंडून निघालं पाहिजे."

दुपारी अंगण बायकांनी भरून गेलं. दळणयंत्राचा दांडा फिरू लागला. पहिल्या फळीचे मोड दळून, फडक्यातून पिळून पांढरं दूध पातेल्यात पडलं. मोठी कढई चुलीवर चढली होती. दिलमुरोद-अमाकी लाकडं फोडत होता, आणि बायका त्याचं कौतुक करत होत्या. बोबो ओसरीवर बसून होते. मुअत्तरने वाडगाभर दूध घेतलं आणि ती सगळ्यांच्या मध्ये उभी राहिली.

"हनीफा-ओपा, बुवीची रीत विसरलात का?"

"कुठली गं रीत?"

"गहू ज्यानं आणला त्यानं पहिलं दूध प्यायचं. मगच बाकीचं कढईत ओतायचं. नाहीतर बरकत येत नाही!"

हनीफा-ओपा गोंधळली. "मी तर कधी..."

मुअत्तरने ओसरीकडे पाहिलं नाही. तिला धीर झाला नाही. बुवीच्या नावावर ती खोटं बोलत होती, आणि अंगणात ते ओळखणारा एकच माणूस होता.

"हो," ओसरीवरून आवाज आला. "तशीच रीत आहे."

बोबो उठून उभे राहिले होते. काठी टेकत ते अंगणात उतरले. कित्येक दिवसांत ते माणसांत आले नव्हते. बायका बाजूला झाल्या.

"घे दिलमुरोद. तुझ्या आईची रीत आहे."

दिलमुरोद-अमाकीने वाडगा घेतला. ओठांपर्यंत नेला. वाडग्याच्या काठावर त्याची नखं अजून लालसर दिसत होती.

"मला... पोट जरा बरं नाही आज," तो म्हणाला आणि वाडगा खाली घेतला.

"बरं. मग तुझ्याऐवजी पुतणी पिईल." बोबोंनी वाडगा परत घेतला. "किम्यो, ये बाळ."

मुअत्तरने अडवायला हात पुढे केला. पण तिने पाहिलं, बोबोंनी वाडगा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि ते किम्योकडे नाही, मुलाकडे बघत होते. किम्योने एल्योरकडे पाहिलं, आणि मग ती एक पाऊल पुढे आली.

"नको!"

दिलमुरोद-अमाकीने झेप घेऊन वाडग्यावर हात मारला. वाडगा कढईवर आपटून फुटला. पांढरं दूध गोठलेल्या मातीवर पसरलं. दळणयंत्राचा दांडा फिरायचा थांबला.

एल्योरने पोतं उलगडून जमिनीवर टाकलं, कवटीची बाजू वर करून. तोलमास-अमाकी भिंतीवरून बघत होता. त्यानेही खाली उतरून फडक्यात बांधलेलं आपलं पांढरं कबुतर पोत्याशेजारी आणून ठेवलं.

"तीनदा धुतला होता मी," दिलमुरोद-अमाकी खाली बसला. "रंग गेला म्हणजे औषधही गेलं असं वाटलं. होला मेला तेव्हा... तेव्हा शंका आली. पण तोवर सगळ्यांना बोलावून झालं होतं. कोणत्या तोंडानं सांगू? बाजारातला गहू फुटेना." त्याने बोबोंकडे पाहिलं. "आणि तुम्हीच म्हणालात, घरात गहू नाही."

हनीफा-ओपाने त्याच्या पाठीत असा धपका घातला की त्याची टोपी उडाली. "वीस घरं मेली असती रे, मेल्या! माझी सून बाळंतीण आहे! तिला पहिला वाडगा देणार होते मी!" मग ती स्वतःच रडायला लागली.

बोबो मात्र मुलावर ओरडले नाहीत.

"गहू होता," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"तिच्या संदुकीत आहे. दरवर्षी मळणी झाली की पुढच्या सुमलकसाठी ती निवडून ठेवायची. मागच्या वर्षीही ठेवला. मला माहीत होतं. मला संदूक उघडवेना, म्हणून मी नाही म्हणालो. तू वेडेपणा केलास दिलमुरोद, पण तुला बाजारात मी पाठवलं."

त्यांनी टोपीच्या अस्तरातून किल्ली काढली आणि मुअत्तरच्या हातात दिली. मग विचार बदलून परत घेतली. "चल. मीच उघडतो. तू बरोबर ये."

संदुकीत बुवीची ओढणी होती, चष्मा होता, आणि तळाशी फडक्याची पुरचुंडी. गाठ बुवीनेच मारलेली. बोबोंना ती सुटेना. मुअत्तर पुढे झाली, तसं ते म्हणाले, "राहू दे. सुटेल." आणि वेळ लागला, पण सुटली. आत एकसारखा टपोरा गहू होता. एकही खडा नव्हता.

पुढचे दिवस गडबडीचे गेले. दिलमुरोद-अमाकीने बागेबाहेर कमरेइतका खड्डा खणला. विषारी गहू, फळ्या, फडकी, पोतं, बिहीखालची वरची माती आणि गुलाबी बर्फ, सगळं त्यात गेलं. चपटा दगड त्याने गुडघ्यावर बसून घासला. दळणयंत्र पाच वेळा उकळलं. मुलांवर वेगळंच काम पडलं. बिहीखाली एकही पाखरू उतरू द्यायचं नाही!

"हूश! हूश! जा, मरायचंय का?" किम्यो दिवसभर फडकं घेऊन नाचत होती.

"सुट्टीत मी बुजगावणं झालो," एल्योर म्हणाला. "शहरात कोणाला सांगू नका."

भिंतीपलीकडच्या अंगणात तोलमास-अमाकीने सगळ्या होल्यांना जेवायला बोलावलं होतं, कबुतरांच्या पंगतीत.

थंडीत बुवीचा गहू सावकाश फुटला. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी कढई चढली. ढवळताना तळ लागू नये म्हणून कढईत धुतलेले गोटे टाकतात. वाढताना ज्याच्या वाडग्यात गोटा येईल त्याने मनात काही मागायचं. गोटे टाकायचा मान नेहमी मोहल्ल्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईचा. हनीफा-ओपाने गोट्यांची परात उचलली आणि मुअत्तरसमोर धरली.

"टाका तिघं मिळून. वीस वर्षं मी बाई सुमलक ढवळतेय, पण तुमचं ऐकलं नाही. 'जा, खेळा' म्हणाले. यापुढे या तिघांनी दाखवल्याशिवाय या अंगणात गहू दळायचा नाही, ऐकलंत सगळ्यांनी? दिलमुरोद, तू खास ऐक!"

"ऐकलं," अमाकी धुरात डोळे चोळत म्हणाला. सबंध रात्र ढवळायची शिक्षा त्याला झाली होती.

सकाळी सुमलक वाढलं. गडद तपकिरी, गोड, दाट. बोबोंनी दोन घास खाल्ले आणि थांबले. तोंडातून त्यांनी एक छोटा गोटा काढला, रुमालाला पुसला आणि खिशात टाकला.

"काय मागितलंत, बोबो?" किम्योने विचारलं.

"सांगायचं नसतं."

ते मुअत्तरकडे वळले. "बुवीच्या नावावर खोटं बोललीस."

मुअत्तरची मान खाली गेली.

"ती असती तर हसली असती," बोबो म्हणाले. "आणि पुढच्या वर्षीपासून ती रीत खरी करायची. गहू आणणाऱ्यानं आधी प्यायचं. चांगली रीत आहे."

मग त्यांनी पुरचुंडीत उरलेला मूठभर गहू घेतला आणि बागेत गेले. द्राक्षांच्या ढिगांवरून, जर्दाळूखालून, सरळ बिहीकडे. चपट्या दगडापाशी ते जरा वेळ उभे राहिले. मग मूठ उघडली. भिंतीवर बसलेले होले मान वाकडी करून बघत होते. एक उतरला. मग दुसरा.

तेवढ्यात भिंतीवरून ओळखीची बाही वर आली, मूठ बाहेर आली.

"राहू दे तोलमास!" बोबो ओरडले. "आज मी घातलेत!"